उरलेलं तेल

तापीच्या अलीकडच्या त्या गावात दोधू माळ्याचं घर कोणतं असं परक्याने विचारलं, तर लोक बोट दाखवत नसत. जेवणवेळेला या आणि नाक नेईल तिकडे जा, असं सांगत. आणि खरंच, दिवे लागायच्या सुमारास त्या गल्लीत शिरलं की खमंग वास असा अंगावर येई की भरल्या पोटाच्या माणसालाही भूक लागावी. वाटसरूला वाटे, या घरात तेलाचे बुधले भरलेले असणार आणि घरातल्या बायका चांगल्या गुटगुटीत असणार. बुधले भरलेले होते हे खरं. पण ते कोठीच्या खोलीत कुलपात होते, आणि वास येई तो दुसऱ्याच गोष्टींचा. तो कशाकशाचा येतो हे घरात एकाच बाईला ठाऊक होतं. तिचं नाव धनुबाई, आणि ती काही गुटगुटीत नव्हती.

धनुबाई त्या घरात सून म्हणून आली तेव्हा नंदुरबारला आगगाडी येऊ लागून थोडीच वर्षं झाली होती. गाडीच्या शिट्टीला अजून माणसं घराबाहेर येऊन उभी राहत. पोरीचं वय पंधराच्या आसपास. माहेर विसरवाडीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. बाप लहानपणीच गेलेला. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला-खुरपायला जाई, आणि संध्याकाळी ओच्यात जे घेऊन येई त्यावर रात्रीचं जेवण ठरे. कधी तांदुळजा, कधी घोळ, कधी अंबाडीची पानं, आणि काहीच नसेल त्या दिवशी चिंचेचा कोवळा पाला. घरात तेल असं नसायचंच. लागलं तर शेजारणीकडून वाटीच्या तळाला लागेल एवढं उसनं आणायचं. त्यातलं जेवढं वाचेल तेवढं त्याच रात्री परत नेऊन द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी मागायला तोंड राहतं, हा त्या माउलीचा नियम होता. तिने लेकीला दोन गोष्टी शिकवल्या: तेलाशिवाय चव कशी आणायची, आणि उरलेलं तेल परत कसं करायचं. पहिली गोष्ट शिकवली ते ठीक झालं. दुसरी शिकवली नसती तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

लग्नाची हळद उतरली आणि नव्या सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाचा दिवस आला. सासूचं नाव रुखमाबाई. कमरेला कोठीची किल्ली, आणि ती किल्ली झोपेतसुद्धा तिच्या मुठीत असे. तिने सुनेपुढे बेसन ठेवलं, मिरच्या ठेवल्या, दोन कांदे ठेवले, आणि एका वाटीत पळीभर तेल ओतून दिलं. खाणारी माणसं सासरा दोधू, नवरा मगन, दोन दीर, एक आत्येसासू आणि गडी. दुसरी एखादी सून असती तर एवढ्याशा तेलाकडे बघून रडली असती. धनूला मात्र वाटलं, सासूचं मन मोठं आहे. माहेरी एवढं तेल तिने एकावेळी कधी बघितलंच नव्हतं.

तिने डुबुकवड्या करायला घेतल्या. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो: तिखट रस्सा उकळत ठेवायचा आणि त्यात बेसनाच्या भिजवलेल्या गोळ्या बोटांनी सोडायच्या. त्या आधी बुडतात, शिजल्या की वर येतात. रश्श्यावर बोटभर तेल तरंगलं पाहिजे, नाहीतर लोक नाक मुरडतात. धनूने कांदे सालीसकट निखाऱ्यात पुरले, काळे होईस्तोवर. मिरच्या तव्यावर कोरड्याच भाजल्या. फडताळात मूठभर तीळ सापडले, ते भाजून पाट्यावर पाणी घालून इतके बारीक वाटले की त्यांचं तेल त्यांनीच सोडलं. शेवटी एक लाल निखारा वाटीत घेऊन ती वाटी रश्श्यात तरंगत ठेवली, निखाऱ्यावर तेलाचे दोन थेंब आणि हिंगाचा खडा टाकला आणि वरून झाकण दाबलं. झाकण काढलं तेव्हा आत्येसासू देवघरातून उठून आली.

पंगत बोटं चाटत उठली. दोधू माळी कधी जेवणाविषयी बोलत नसे, त्याने दुसऱ्यांदा भाकरी मागितली. मगन बायकोकडे लपून बघत होता. धनूच्या छातीत आनंद मावेना. आणि त्या आनंदात ती उठली, चुलीमागे ठेवलेली वाटी घेतली आणि सासूपुढे दोन्ही हातांनी धरली. पळीतलं अर्ध्याहून जास्त तेल तिच्यात तसंच होतं.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "इतलं उरनं."

माहेरी असं केलं की शेजारीण पाठीवरून हात फिरवायची. रुखमाबाईने पाठीवरून हात फिरवला नाही. तिने वाटीत बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडे बघितलं, आणि वाटी घेऊन कोठीत गेली. कुलूप लागल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी धनूपुढे अर्धी पळी तेल आलं. तिला वाटलं, चुकून कमी ओतलं असेल. तिने धीर करून विचारलं, तेव्हा रुखमाबाईने जे उत्तर दिलं ते पुढे त्या घराचा कायदाच होऊन बसलं.

"काल व्हयनं ना? मंग आज बी व्हई."

त्या दिवसापासून जे कमी देऊन भागलं तेच दुसऱ्या दिवशीचं माप ठरे. अर्ध्या पळीत भागलं, की पाव पळी. पाव पळीत भागलं, की बोट बुडवून जेवढं येईल तेवढं. तेलापाठोपाठ डाळ आक्रसली, डाळीपाठोपाठ बेसन. कांदे दोनाचे एक झाले. आणि धनू प्रत्येक वेळी भागवायची, कारण भागलं नाही तर मार पडे आणि भागलं तर निदान मार पडत नसे. तुरीच्या टरफलांची आमटी केली. वांग्याच्या देठांची भाजी केली. बैलांसाठी आणलेल्या पेंडीचा तुकडा चोरून पाट्यावर वाटला आणि त्याच्या चवीवर सगळं घर चार दिवस जेवलं. बैलांना पेंड मोजूनमापून मिळत नव्हती, ती भरपूर मिळे. बैल मेला तर नवा आणावा लागतो, हे रुखमाबाईला पक्कं ठाऊक होतं.

रुखमाबाईविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. ती कोठीचं दार लावून तूप खाणारी सासू नव्हती. ती सुनेच्याच भांड्यातलं, तेच, तेवढंच खायची. वाचलेल्या तेला-डाळीवर जमीन वाढत होती, मळ्यात दुसरी विहीर झाली होती, यातच तिचं सुख. त्यामुळे तिच्यापुढे कोणाची जीभ चालत नसे. मला विचाराल तर ती चोरून खात असती तर बरं होतं. मग तिला शिव्या तरी मोकळेपणाने देता आल्या असत्या. गावात मात्र ती मिरवे. बाजाराच्या दिवशी बायकांत बसली की सुनेचे गोडवे गाई, आमच्या धनूला पाणी द्या, ती पाण्याची भाजी करील, असं सांगे. बायका हसत आणि घरी जाऊन आपापल्या सुनांना तेच ऐकवीत.

एकदा धनूने बंड केलं. तिचं बंडही स्वयंपाकातलंच. तिने ठरवून भाजी बिघडवली. कांदा भाजला नाही, मिरच्या जाळल्या नाहीत, निखारा ठेवला नाही. पिवळ्या पाण्यात बेसनाच्या गोळ्या तरंगत ठेवल्या आणि वाढल्या. तिचा विचार साधा होता: जेवण बेचव झालं तर सासू माप वाढवील. पहिला घास घेऊन मगनने ताट अंगणात भिरकावलं आणि तिच्या पाठीत लाथ घातली. रुखमाबाई मात्र उठली नाही की ओरडली नाही. तिने भाजी चाखली, आणि ज्या हाताला येतं त्या हाताने मुद्दाम केलं आहे, एवढंच म्हणाली. मग भाजीचं ते भगुणं धनूपुढे ठेवलं. ते संपेपर्यंत तिला दुसरं अन्न मिळालं नाही. भाजी आंबली, तिला फेस आला, तरी तीच. त्यानंतर धनूने भाजी कधी बिघडवली नाही. माणसाला एखादं काम येत नाही असं सोंग करता येतं, पण ते येतं हे एकदा दाखवून झाल्यावर नाही करता येत.

मग मुलं झाली. पहिला मुलगा झाला तेव्हा सुईण म्हणाली, बाळंतिणीला डिंक द्या, तूप द्या, मेथी द्या, नाहीतर दूध येणार नाही. रुखमाबाईने ऐकून घेतलं. सून हातची गुणी आहे, ती पेजेतही भागवील, असं तिने सुईणीला सांगितलं. त्यात तिला थोडासा अभिमानही होता. धनूने पेजेत मीठ-जिरं घालून, निखाऱ्याचा धूर देऊन ती चवदार केली आणि प्यायली. जीभ फसली, अंग फसलं नाही. दूध आलं ते थेंबाथेंबाने. मुलगा महिन्याच्या आत वाळून गेला. दुसराही तसाच गेला. दोन्ही वेळा घरातल्यांनी नशिबाला बोल लावला आणि संध्याकाळी जेवायला बसले. आणि दोन्ही वेळा भाजी छान झाली होती.

तिसरी मुलगी. काळाला वाटावं की ही टाकून दिलेली, नकोशी आहे, म्हणून अशा मुलीचं नाव ठगू ठेवतात, तसं ठेवलं. पण ती नावामुळे जगली नाही. ती जगली शेजारच्या फुलीबाईमुळे. फुलीबाईचं मूल तेव्हा अंगावर होतं आणि तिच्या घरी कोठीला कुलूप नव्हतं. ती भिंतीपलीकडून ठगूला मागून घेई आणि आपल्या मुलाबरोबर पाजी. धनू भिंतीला टेकून बसे आणि आपली मुलगी दुसरीच्या अंगावर घटाघटा पिताना ऐके. तिला बरं वाटे आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं होई. त्या भिंतीशी बसून तिने एक गोष्ट मनाशी घट्ट केली. या मुलीला स्वयंपाक शिकवायचा नाही.

लोकांना हे पुढे वेडेपणाचं वाटलं, पण धनूने त्याचा सगळा हिशोब करून ठेवला होता. जिला तेलाशिवाय भाजी येत नाही तिला सासू शिव्या घालील, पण तेल देईल. देणार नाही तर काय करील, स्वतः उपाशी राहील? जिला येत नाही तिच्यासाठी कोठी उघडावीच लागते. म्हणून ठगूच्या हाताला चव येऊ द्यायची नाही. ती अडाणी राहिली की पोटभर जेवेल, तिच्या अंगावर दूध येईल, तिची मुलं जगतील. एवढं एकच मागणं धनूने आयुष्याकडे मागितलं.

ठगू चालू लागल्यापासून आईने तिला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. शेतात धाडी, कापूस वेचायला धाडी, गुरांमागे धाडी. ठगू सात-आठ वर्षांची असताना एकदा आई पाण्याला गेली आणि ही पाट्यावर बसून मिरची वाटू लागली. आई परत आली, तेव्हा लेकीने हसून वाटण दाखवलं. ते चांगलं बारीक झालं होतं. धनूने चुलीतला तापलेला चिमटा उचलला आणि तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर टेकवला. पोरगी किंचाळली, फुलीबाई धावत आली. आई असं का करते हे पोरीला कोणी सांगितलं नाही. धनूलाही सांगता आलं नाही. ती रात्रभर त्या हाताला गार पाण्याची पट्टी लावत बसली आणि रडत होती, पण तिने माफी मागितली नाही. तिला वाटलं, डाग राहील तेवढी आठवणही राहील.

मानमोडीच्या तापाच्या साथीत दोधू गेला, आत्येसासू गेली. रुखमाबाई त्यातून वाचली आणि आणखी काही वर्षं जगली. मरताना तिने किल्ली सुनेला दिली नाही, मुलाला दिली. धनूला वाटलं होतं की आता तरी दोन पळ्या तेल सुटेल. पहिल्याच सकाळी मगनने कोठी उघडली, बुधल्यात बोट बुडवून थेंबभर तेल वाटीत काढलं आणि बायकोपुढे ठेवलं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने आईचंच वाक्य म्हटलं, अगदी आईच्याच आवाजात. धनूने वाटी उचलली आणि चुलीकडे गेली.

आता ठगू लग्नाची झाली. स्थळं येत, आणि धनू लेकीविषयी त्यांना दारातच सांगून टाकी.

"मन्ही आंडेरले काहीच येत नही."

मगन दात-ओठ खाई. गावातल्या बायका तोंडाला पदर लावत. एवढ्या सुगरणीची लेक आणि हिला साधी डाळ शिजवता येत नाही, म्हणजे हाताला चवच नाही, रक्तातच खोट आहे, असं बोलत. ठगू विहिरीवर गेली की पोरी मुद्दाम विचारत, आज काय जाळलंस? ठगू घागर भरून परत येई. स्थळं आली तशी परत गेली. धनू एकेक परत गेलं की सुटकेचा श्वास टाकी, कारण प्रत्येक घरातल्या सासूच्या कमरेला तिला किल्ली दिसे.

अखेर तापीच्या पलीकडून दलपत नावाच्या शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाचं स्थळ आलं. मुलाची आई नानीबाई स्वतः बघायला आली होती. अंगाने भरलेली, मोकळी हसणारी बाई. धनूने नेहमीचं वाक्य म्हटलं, तेव्हा नानीबाईने तोंड वाकडं केलं नाही. ती हसली.

"आमना घर तेलनी कमी नही," ती म्हणाली. "शिकी जाई."

आणि ते खरं होतं. त्यांच्याकडे भुईमूग भरपूर, तेल घरच्या शेंगांचं, मोजूनमापून काही नाही. धनूने चौकशी केली, गाडीवाल्याला विचारलं, त्या गावच्या कासारणीला विचारलं. त्या घरच्या मोठ्या सुनेच्या हातात बांगडी चढवताना घाम फुटतो, असं कासारीण हसत म्हणाली. धनू त्या रात्री इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांत झोपली. तिला तिचं घर सापडलं होतं. आता फक्त सुपारी फुटायची राहिली.

सुपारीच्या दिवशी पाहुणे जेवायला होते. चार माणसांत मान खाली जाऊ नये म्हणून मगनने कोठी उघडून मोठं वाडगं भरून तेल काढलं. धनू त्या घरात आल्यापासून एवढं तेल त्या चुलीपाशी आलं नव्हतं. धनूने पुरण घातलं, भजी तळली, वांग्याचं भरीत केलं, सगळ्यावर तेल सुटलेलं. डुबुकवड्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यासाठी अर्धं वाडगं तेल बाजूला ठेवून ती पाहुण्या बायकांना हळदीकुंकू द्यायला पुढच्या ओसरीवर गेली. तिथे एकीला दुसरी भेटली आणि वेळ गेला.

आता ठगूचं सांगतो. तिला सगळं येत होतं. आईने चुलीपासून तोडली तरी नाक तोडता येत नाही. रोज रात्री ताटावर बसून ती घासाघासात ओळखायची, हा कांदा निखाऱ्यातला, हे तीळ वाटलेले, हा धूर. दुपारी मळ्यातून परतताना फुलीबाईच्या घरी शिरून तिच्या चुलीवर करून बघायची. फुलीबाईने दूध दिलं होतं, तिने चूलही दिली आणि हे कोणाला सांगितलं नाही. पोरीचा जीव कशात होता? आई चार माणसांत आपल्याला काहीच येत नाही म्हणते, तिला आपली लाज वाटते, ती लाज पुसावी. आईचा पदार्थ आईसारखा करून दाखवावा आणि तिची मान ताठ व्हावी. एवढंच. यात वाईट काय होतं, मला अजून सापडलेलं नाही.

ती चुलीपाशी बसली. कांदे पुरले, मिरच्या भाजल्या, तीळ वाटले. रस्सा उकळला, वड्या बुडाल्या आणि वर आल्या. शेवटी निखाऱ्यावर तिने तेलाचे दोन थेंबसुद्धा टाकले नाहीत, चिमूटभर तीळच टाकले आणि झाकण दाबलं. वास ओसरीपर्यंत गेला. धनूने तो ओळखला. तिच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली आणि ती आत धावली, पण तोवर ठगू भगुणं घेऊन दुसऱ्या दाराने पंगतीत पोचली होती.

नानीबाईने वडी तोंडात टाकली आणि चावायची थांबली. मग रस्सा ओरपला. मग मान वर केली.

"हाई कोणी करं?"

"मी करं," ठगू म्हणाली.

नानीबाईने तिचा हात धरला. हाताच्या पाठीवरचा तो जुना डाग तिला दिसला. भाजल्याच्या डागाशिवाय चुलीची ओळख होत नाही, ही पोर चांगली मुरलेली आहे, असं ती नवऱ्याला कौतुकाने म्हणाली. मग तिने दुसरं काही न विचारता एकच विचारलं.

"तेल कितलं टाकं?"

दारात उभ्या राहिलेल्या धनूला ओरडायचं होतं. लेकीचं तोंड दाबायचं होतं, खोटं सांग, पळीभर सांग, वाडगंभर सांग. ठगूने आईकडे एकदा बघितलं, डोळे आनंदाने भरलेले, आणि चुलीमागचं अर्धं वाडगं आणून नानीबाईपुढे दोन्ही हातांनी धरलं.

"टाकंच नही. हाई देखा, सगळं उरनं."

पंगतीत वाहवा झाली. मगनची छाती फुगली. नानीबाई वाडग्याकडे बघत राहिली. ती वाईट बाई नव्हती, हे सांगायलाच हवं. ती आली तेव्हा खरोखर पोटभर घालायला आली होती. पण जे लागतच नाही ते द्यायचं कशाला, हा विचार वाईट माणसालाच सुचतो असं नाही. तिच्या डोळ्यांत तो विचार येताना धनूने बघितला. तसाच तो कधीकाळी तिने दुसऱ्या एका बाईच्या डोळ्यांत येताना बघितला होता, फक्त तेव्हा तिला तो वाचता आला नव्हता. सुपारी तिथेच फुटली, गूळ-खोबरं वाटलं गेलं. मुलगी नको म्हणायला आता कोणाकडे कारण उरलं नव्हतं. धनूने रात्री नवऱ्याचे पाय धरून हे लग्न मोडा म्हणून सांगितलं, तेव्हा तो हसला. पोरीने नाव काढलं, आणि आई डोळ्यात पाणी आणते, याचं त्याला नवल वाटलं.

वैशाखात लग्न झालं. पुढच्या वर्षी आखाजीच्या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी आल्या. झाडांना झोके लागले, गाणी सुरू झाली. ठगूही आली. तिला दिवस गेले होते, पोट दिसत होतं. पोटाशिवाय तिचं दुसरं काही दिसत नव्हतं. गालफडं बसलेली, दंडावरची चोळी सैल. विहिरीवरच्या त्या पोरींनी तिला झोक्यावर बसवलं आणि फांदी हललीसुद्धा नाही. ठगूच आपण होऊन सांगत होती, आणि हौसेने सांगत होती: सासूबाई सगळ्या गावाला सांगतात, आमच्या ठगूसारखी सून नाही. मोठ्या जावेला तेल मोजत नाहीत, तिला बिचारीला जमत नाही. मला लागतच नाही.

धनू उठून फुलीबाईकडे गेली. माहेरी तिची आई जशी जायची तशी, रिकामी वाटी पदराखाली धरून. फुलीबाईने वाटी काठोकाठ भरून दिली. धनूने ते सगळं तेल एकट्या ठगूच्या डुबुकवड्यांत ओतलं. कांदा तेलात तळला, मसाला तेलात परतला, निखाऱ्याला हात लावला नाही. रश्श्यावर बोटभर लाल तेल उभं राहिलं. ते तिने लेकीच्या ताटात वाढलं आणि समोर बसली.

ठगूने घास घेतला, आणि तिला उमासा आला. पोटाला आता सवय राहिली नव्हती. आई जेव म्हणत होती, दोन जिवांची आहेस म्हणत होती. ठगूने मान हलवली. मग तिने ताट एका बाजूला कलतं केलं, वड्या बोटांनी अडवल्या, आणि वर आलेलं तेल पळीने अलगद काढून वाटीत घालू लागली. किती सफाईने काढत होती, एक थेंब सांडला नाही. वाटी अर्ध्याच्या वर भरली. ती तिने दोन्ही हातांनी आईपुढे धरली आणि हसली, लहानपणी वाटण दाखवताना हसली होती तशी.

"माय, उरनं."

धनूने वाटी घेतली. दारात पावलं वाजली. मगन मळ्यातून आला होता. त्याने लेकीला कधी आलीस म्हणून विचारलं, ताटाकडे बघितलं, मग बायकोच्या हातातली वाटी बघितली आणि खाली वाकून ती काढून घेतली.

"उद्याना भाजीले व्हई," तो म्हणाला, आणि कमरेची किल्ली काढत कोठीकडे गेला.